पुन्हा पहिल्यापासून

प्रार्थना चार ओळींची आहे. सावकाश म्हटली तरी अर्ध्या मिनिटात संपते. माझ्या ताईला ती संपवायला अडीच तास लागायचे.

एकदा मी ते दाराच्या फटीतून पाहिलं. पहाटेचे तीन वाजून गेले होते. ताई भिंतीकडे तोंड करून बसली होती, पाठ ताठ, दोन्ही मुठी मांडीवर आवळलेल्या. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, तिसरीच्या मध्यावर आवाज अडखळला. तिने मान जोरात झटकली, कानात पाणी गेल्यावर झटकतात तशी. मग अगदी हळू, स्वतःलाच बजावल्यासारखं म्हणाली, "पुन्हा पहिल्यापासून." पहिली ओळ. दुसरी. या खेपेला चौथीपर्यंत पोचली, शेवटचा शब्द तेवढा राहिला होता, आणि पुन्हा मान झटकली. मी सतरापर्यंत मोजलं. पुढे ऐकवेना, तेव्हा खोलीत जाऊन डोक्यावरून पांघरूण घेतलं.

त्या झटक्यात काय होतं ते तिने सहा-सात महिन्यांनी सांगितलं. ओळ म्हणता म्हणता मनात एक घाणेरडा शब्द यायचा. देवाबद्दलचाच. तो मिसळला की प्रार्थना बाटली, आणि तशीच पुढे गेली तर घरातल्या कुणाचं तरी बरंवाईट होणार. "कुणाचं तरी म्हणजे कुणाचं?" असं मी विचारलं तेव्हा ती खाली बघत म्हणाली, "बहुतेक वेळा तुझं."

ताईचा धर्म कोणता, पंथ कोणता, प्रार्थनेचे शब्द काय, हे मी मुद्दाम लिहीत नाही. ते लिहिलं की वाचणारा लगेच ठरवून टाकतो, हे आमच्यातलं की त्यांच्यातलं. आणि हा आजार कोणत्याही धर्माची भाषा तितक्याच सफाईने बोलतो.

घरी मात्र आम्ही त्याला आजार म्हणत नव्हतो. आम्हाला कौतुक होतं. पोरगी पहाटे उठते, तासन्‌तास बसते, मन किती एकाग्र. आईने तर नात्यातल्या दोन-तीन टवाळ मुलांना ताईचं उदाहरण दिलं होतं. सभेतही (ती दर आठवड्याला जिथे सामूहिक प्रार्थनेला जायची त्या जागेला मी सभा म्हणतो) तिचं नाव निघालं की माना आदराने हलायच्या. तिची नोकरी सुटायच्या बेताला आली, वजन उतरलं, तरी आम्ही म्हणत होतो, देवाच्या मागे लागलं की देहाकडे दुर्लक्ष होतंच. आज हे वाक्य लिहिताना कान गरम होतात.

मराठीत या आजाराला मंत्रचळ म्हणतात. डॉक्टर ओसीडी म्हणतात, पण मंत्रचळ हा शब्द मी लहानपणापासून ऐकला होता. सारखे हात धुणाऱ्याला, कुलूप लावून चारदा ओढून बघणाऱ्याला तो चिकटवला जायचा, बहुधा हसत. त्यातल्या 'मंत्रा'कडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. मंत्र आणि चळ. ज्यांनी हा शब्द घडवला त्यांनी असा कुणीतरी नक्की पाहिला असणार, ज्याचं म्हणणं संपत नाही, ज्याला आपण चुकलो असं सारखं वाटतं. आमच्याच भाषेने निदान करून ठेवलं होतं आणि आम्ही एकाग्रता म्हणून त्याची आरती ओवाळत होतो.

पहिल्या डॉक्टरांनी निदान दहा मिनिटांत केलं आणि बरोबर केलं. गोळीही योग्य होती, पुढे तिचाच डोस वाढला. माझी तक्रार त्यानंतरच्या वाक्याबद्दल आहे. चिठ्ठी लिहिता लिहिता, मान वर न करता ते म्हणाले, "आणि ते देवदेव काही दिवस बंद ठेवा."

खरं सांगतो, मला ते ऐकून बरं वाटलं. मी श्रद्धाळू नाही. ताईच्या या सगळ्या प्रकाराला कुणीतरी शिकलेल्या माणसाने एकदा ठणकावून नाव ठेवावं, अशी माझी आतून इच्छा होती. आजार जाईल आणि जाता जाता देवालाही घेऊन जाईल, असा हिशोब मी मनात मांडून बसलो होतो. ताई जिना उतरताना एवढंच म्हणाली, "त्यांना वाटतं माझा आजार म्हणजे देव." अकराव्या दिवशी तिने गोळ्या बंद केल्या. आम्हाला कळलं महिन्याने, गादीखाली पाकिटं सापडली तेव्हा.

दुसरं दार सभेचं. तिथल्या एका ज्येष्ठ बाईंना ताईने धीर करून सांगितलं की प्रार्थनेत नको ते विचार येतात. त्यांनी मायेने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "मन लागत नाही म्हणून येतात गं. संख्या वाढव." मंत्रचळ झालेल्या माणसाला संख्या वाढवायला सांगणं म्हणजे आगीत तेल, पण त्यांना ते कुठून कळावं? त्यांच्यापाशी जे औषध होतं ते त्यांनी दिलं.

असं सुरू राहिलं. दवाखान्यात देवाचं बोलायचं नाही, सभेत गोळीचं बोलायचं नाही. दुखणं एकच होतं, पण ते दोन तुकडे करून दोन ठिकाणी न्यावं लागत होतं, आणि कुठल्याच तुकड्यावरून पूर्ण चित्र कुणाला दिसत नव्हतं.

हा अबोला आमच्या घरापुरता नाही, आणि आजचाही नाही. फ्रॉइडने १९०७ साली एका निबंधात मंत्रचळाची आणि धार्मिक विधींची तुलना केली. मंत्रचळ हा जणू एकट्या माणसाचा खाजगी धर्म आणि धर्म हा सगळ्या मानवजातीचा मंत्रचळ, असा त्याचा रोख. वाचायला चमकदार आहे. पण त्यानंतर कित्येक पिढ्यांच्या मनोचिकित्सकांनी रुग्ण देवाविषयी बोलू लागला की ते एक तर लक्षण म्हणून टिपून घेतलं, नाही तर कानाआड केलं. धर्मवाल्यांनीही परतफेड केली. मनाचे डॉक्टर म्हणजे माणसाला नास्तिक करणारे, असा समज घट्ट बसला.

त्याच्याही आधीची एक हकिगत मला फार लागते. १७९० साली इंग्लंडमधल्या यॉर्कच्या वेड्यांच्या इस्पितळात हॅना मिल्स नावाची एक विधवा दाखल झाली. ती क्वेकर या ख्रिस्ती पंथाची. गावातले क्वेकर तिला भेटायला गेले तर त्यांना दारातून परत पाठवलं. काही आठवड्यांत ती तिथेच वारली. आत तिचं काय झालं ते बाहेरच्या कुणी पाहिलंच नव्हतं. चहा-कॉफीचा व्यापार करणारा विल्यम ट्यूक हा त्याच पंथातला. त्याने मागे लागून, पैसे जमवून १७९६ साली यॉर्कमध्येच 'द रिट्रीट' उघडलं. साखळ्या नाहीत, मारझोड नाही, फिरायला बाग, हाताला काम, आणि रुग्णाशी माणसासारखं बोलणं. मनोरुग्णांना माणुसकीने वागवण्याच्या इतिहासात या जागेचं नाव हमखास येतं. तिची सुरुवात कुठल्या मोठ्या सिद्धान्तातून झालेली नाही, ती झाली भेटीची वेळ नाकारली म्हणून. आपलं माणूस आत आहे आणि आपल्याला आत सोडत नाहीत, एवढंच.

एका नव्या बाईंकडे आम्ही गेलो ते सव्वा वर्षाने. त्या मानसशास्त्रज्ञ होत्या. गोळ्यांसाठी वेगळे डॉक्टर, बोलण्यासाठी या. पहिल्या भेटीत झोप, भूक, नोकरी सगळं विचारून झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "ही प्रार्थना तुला कुणी शिकवली?"

ताई गप्प. मग म्हणाली, "सभेतल्या आजोबांनी. मी आठ वर्षांची होते."

"तेव्हा म्हणताना कसं वाटायचं?"

ताई रडायला लागली. पहिल्या दवाखान्यात ती रडली नव्हती.

हे प्रश्न बाईंना त्या क्षणी सुचले असतील असं मला तेव्हा वाटलं होतं. नंतर कळलं की त्यांची एक शिस्तच आहे. क्रिस्टीना पुचाल्स्की या अमेरिकी डॉक्टरीणबाईंनी १९९६ च्या सुमारास डॉक्टरांसाठी अशा विचारपुशीची एक छोटी रीत तयार केली. तुमची श्रद्धा कशावर आहे, तिला तुमच्या आयुष्यात किती महत्त्व आहे, तिच्यामुळे जोडलेली माणसं कोण, आणि उपचारात आम्ही याचं काय करावं असं तुम्हाला वाटतं. उत्तर 'कशावरच नाही' असंही असू शकतं, आणि मग तिथेच थांबायचं. जागतिक मनोचिकित्सा संघटनेनेही २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निवेदनात म्हटलं आहे की रुग्णाच्या धार्मिक, आध्यात्मिक बाजूची विचारपूस हा नेहमीच्या तपासणीचाच भाग असावा, आणि डॉक्टरांनी स्वतःचा धर्म किंवा स्वतःचं निधर्मीपण त्याच्यावर लादू नये. यातला शेवटचा भाग मी दोनदा वाचला. डॉक्टर नसलो तरी तो मला उद्देशून होता.

बाईंनी आणखी एक प्रश्न विचारला होता, आणि मला तो आजही सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. "तिथे कुणी तुला दुखावलंय का?" कारण काही जणांची जखम नेमकी प्रार्थनेच्या जागीच झालेली असते. कुणाला तिथून हाकललेलं असतं, कुणाला पापी ठरवलेलं असतं, कुणावर तिथल्याच थोर माणसाने हात टाकलेला असतो. अशा माणसाला "तुमच्या श्रद्धेचा आधार घ्या" म्हणणं क्रूर आहे. ताईला सुदैवाने तसं काही नव्हतं. मगच बाईंनी विचारलं, "आजोबांशी मी बोलले तर चालेल?"

आणि लगेच कागद काढला. काय सांगायचं, काय नाही, हे ताईने ठरवायचं. तो घाणेरडा शब्द कुणालाही कळणार नाही. ताई सही करेपर्यंत फोन होणार नाही. मला ही सगळी कारकुनी वाटली होती. पण श्रद्धेच्या समूहात बातमी किती वेगाने आणि किती प्रेमाने पसरते ते बाईंना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. "तिच्यासाठी सगळे प्रार्थना करू या" असं कुणी सद्भावनेने माइकवर म्हणालं की संपलं.

आजोबा ऐंशीच्या घरातले. आले तेच ताठून. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही तिला प्रार्थना सोडायला लावणार आहात." बाई म्हणाल्या, "मी डॉक्टर नाही." (हे त्यांनी त्या तासात तीनदा सांगितलं आणि मग नाद सोडला.) "आणि सोडायला नाही लावणार. तिला ती एकदाच म्हणता यावी, यासाठी तुम्हाला बोलावलंय."

"म्हणजे आता किती वेळा म्हणते?"

ताईने उत्तर दिलं. "काल एकशे चाळीसनंतर मोजायचं सोडलं."

आजोबांनी चष्मा काढला. पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. इतकी वर्षं ते जिला आपली सगळ्यांत चांगली मुलगी समजत होते तिच्याकडे ते बघत राहिले. मग म्हणाले, "पोरी, मी साठाहून जास्त वर्षं म्हणतोय. तिसऱ्या ओळीला अर्ध्या वेळा मी माझ्या गुडघ्याचा विचार करत असतो."

ताई हसली. तोंडावर हात ठेवून, पण हसली. दीड वर्षात मी तो आवाज ऐकला नव्हता.

पुढचा अर्धा तास दोघांनी मिळून एक नियम बनवला. मी कोपऱ्यात बसून पाहत होतो आणि मला थोडा हेवाही वाटत होता. नियम असा: प्रार्थना दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी एकदाच. मध्ये कसलाही विचार आला तरी पुढची ओळ म्हणायची. मान झटकायची नाही. चूक झाली तर चुकलेलीच पाठवायची. "टपालपेटीत पडलेलं पत्र आपण परत काढतो का?" आजोबा म्हणाले. "पोचायचं ते पोचतं. वाचणारा अडाणी नाही."

हेच वाक्य मी म्हटलं असतं तर ताईने ऐकून घेतलं असतं आणि रात्री पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसली असती. बाईंनी म्हटलं असतं तरी तेच. तिला माहीत होतं की आमच्या दोघांच्या हातात त्या प्रार्थनेची मालकी नाही. ती ज्याने दिली त्यानेच तिचा नियम सैल करायला हवा होता.

बाईंनी त्या दिवशी इग्नेशियस लोयोलाची गोष्ट सांगितली. १५२२ साली, ख्रिस्ती संत वगैरे व्हायच्या आधी, स्पेनमधल्या मान्रेसा गावी हा माणूस अशाच छळातून जात होता. पापांची कबुली देऊन झाली तरी काहीतरी सांगायचं राहिलं असं वाटायचं, पुन्हा जायचं, पुन्हा राहिल्यासारखं वाटायचं. जीव द्यायचे विचार येण्यापर्यंत मजल गेली. त्याची कबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूने सांगितलं की मागचं उकरायचं नाही, पण तेवढ्याने लगेच सुटका झाली नाही. या प्रकाराला युरोपीय भाषांत जो शब्द आहे तो लॅटिनमधल्या 'स्क्रुप्युलस' वरून आला, म्हणजे बारीक टोकदार खडा. चपलेत जातो, दिसत नाही, प्रत्येक पावलाला टोचतो. आजोबांना हे भलतंच आवडलं. तेव्हापासून आमच्या घरात त्या आजाराचं नाव खडा पडलं.

खरी लढाई नंतर सुरू झाली. तिच्यात अध्यात्म फारसं नव्हतं, होती ती मेहनत. व्हिक्टर मायर या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली लंडनमध्ये दोन रुग्णांवरचे उपचार प्रसिद्ध केले. भीती वाटेल अशा गोष्टीला मुद्दाम सामोरं जायचं आणि भीती घालवणारी कृती मात्र करायची नाही. त्या दोन रुग्णांपैकी एकीला धर्मनिंदेचेच विचार छळत होते. आज मंत्रचळावरच्या बोलण्याच्या उपचारांत हीच पद्धत सगळ्यांत भरवशाची मानली जाते. सांगायला सोपी, करायला जीवघेणी. ताईने प्रार्थना एकदा म्हणून उठायचं आणि मग जे काही अंगावर येईल ते येऊ द्यायचं. पहिल्या रात्री ती घरभर फिरत होती, तळहाताला नखं रुतवत. मी जिवंत आहे ना, हे बघायला दोनदा माझ्या खोलीत आली. बाईंनी बजावलं होतं, तिला धीर देऊ नका. मी भिंतीकडे कूस करून झोपेचं सोंग घेतलं. आयुष्यात इतकं लबाड आणि इतकं गरजेचं सोंग मी घेतलेलं नाही.

आणि इथे आजोबांनीच घोटाळा केला. ताईने त्यांना फोन लावायला सुरुवात केली होती. "आज दुसऱ्या ओळीला विचार आला, पण मी पुढे गेले. चाललं ना?" आजोबा म्हणत, "चाललं बाळा." तासाने पुन्हा फोन. दिवसाला वीस-वीस. भिंतीसमोरचा पाठ सुटला आणि फोनवरचा सुरू झाला. खडा एका चपलेतून दुसऱ्या चपलेत. बाईंनी आजोबांना पुन्हा बोलावलं आणि समजावलं की तुमचं 'चाललं' हीच आता तिची नवी एकशे चाळिसावी प्रार्थना आहे. आजोबा चिडले. "पोर रडतेय आणि मी फोन ठेवू? हा कुठला धर्म?" बाई म्हणाल्या, "फोन ठेवू नका. फक्त एवढंच विचारा, हे ताई विचारतेय की खडा?"

दोन दिवस आजोबांनी विचार केला. तिसऱ्या दिवशी फोनवर त्यांनी तो प्रश्न विचारला, आणि पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. ताई म्हणाली, "खडा." आजोबा म्हणाले, "मग त्याला सांग, आजोबा झोपलेत."

म्हणून 'डॉक्टर आणि धर्मगुरू यांनी एकत्र यावं' असं कुणी गोड आवाजात म्हटलं की मला हे वीस फोन आठवतात. एकत्र येणं म्हणजे एका खोलीत चहा पिऊन फोटो काढणं नव्हे. प्रेमाने केलेली गोष्ट आजार कसा गिळून टाकतो ते धर्मवाल्याने शिकायचं, आणि आपला शब्द का पुरत नाही ते उपचारवाल्याने मान्य करायचं, हे दोघांनाही जड जातं.

सभेचा उपयोग झाला तो भलत्याच ठिकाणी. ताईचं नाव न घेता आजोबांनी एका आठवड्याला सहज सांगितलं, "मी रक्तदाबाची गोळी घेऊन प्रार्थनेला बसतो. देवाने अजून हरकत घेतलेली नाही." त्यानंतर महिन्याभरात तिघांनी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, झोपेच्या गोळीचं कसं असतं, मुलगा बोलतच नाही, काय करावं. आजोबांनी उत्तर दिलं नाही, बाईंचा नंबर दिला. ज्यांना मनाच्या डॉक्टरचं दार ठोठवायला पाय उचलत नाही ते प्रार्थनेच्या जागी आपसूक येतात. तिथे बसलेल्या माणसाला चार लक्षणं ओळखता आली आणि एक नंबर ठाऊक असला, तर कुणाचं तरी सव्वा वर्ष वाचेल.

समूहाची ताकद आकड्यांतही दिसते, पण आकडे जपून वाचावे लागतात. अमेरिकेतल्या ८९,७०८ परिचारिकांचा १९९६ ते २०१० या काळात पाठपुरावा झाला. ज्या आठवड्याला एकदा तरी सामूहिक उपासनेला जात त्यांच्यात, कधीच न जाणाऱ्यांच्या मानाने, आत्महत्येचं प्रमाण सुमारे पाचपटीने कमी आढळलं. यावरून "जा आणि बऱ्या व्हा" असा निष्कर्ष काढणं चूक आहे. ज्यांचं मन आधीच खचलंय त्या जाणं थांबवतात, हेही तितकंच खरं, आणि श्रद्धा ही काही चिठ्ठीवर लिहून देता येत नाही. दारू सोडवणाऱ्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसचंही तसंच. १९३५ साली एक शेअर दलाल आणि एक शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, दोघेही दारुडे, यांनी ती सुरू केली. पुष्कळ वर्षं वैद्यकवाले तिच्याकडे भाबडेपणा म्हणून बघत होते. २०२० साली वैद्यकीय पुरावे पारखणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास तपासले तेव्हा असं दिसलं की दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत ही वाट मान्यताप्राप्त मानसोपचारांच्या तोडीस तोड आहे, काही बाबतींत सरसही. ती कशामुळे चालते यावर संशोधकांनी शोध घेतला तेव्हा तिथे ज्या 'उच्च शक्ती'वर भरवसा ठेवायला सांगतात तिच्यापेक्षा मित्र बदलणं, संध्याकाळ कुणाबरोबर घालवायची ते बदलणं, हे जास्त वेळा हाती लागलं. मला हे पटतं, अर्थात मला ते पटणारच.

केनेथ पार्गामेंट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या कामाने मात्र माझी खोड मोडली. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ५९६ वयस्क, आजारी माणसांचा दोन वर्षं माग काढला. ज्यांना वाटत होतं की देवाने आपल्याला टाकलं, त्याचं आपल्यावर प्रेमच नाही, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं, आजाराची तीव्रता वगैरे हिशोबात धरूनही. म्हणजे देव आहे की नाही हा वाद मी खुशाल घालत बसावं, पण 'देव माझ्यावर रागावलाय' असं वाटणं हे रुग्णाच्या देहाला खरोखर लागतं. आणि त्याबद्दल दवाखान्यात कुणी विचारत नाही.

यातला अंधार झाकून ठेवला तर मी खोटा ठरेन. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तमिळनाडूत एरवाडीला, दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रयगृहाच्या झोपडीला आग लागली. आतले मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. २८ जण गेले. नातेवाइकांनी त्यांना तिथे बरं व्हावं म्हणूनच आणून सोडलं होतं. आज भारतात २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा साखळीने बांधायला साफ मनाई करतो. पण जगात अनेक ठिकाणी माणसं अजून बांधलेली आहेत, काही घरात, काही उपासनेच्या आवारात. घानातल्या एका प्रार्थना शिबिरात २०१८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग झाला. तिथल्या १३९ रुग्णांपैकी काहींना प्रार्थनेच्या जोडीने औषधंही दिली, आणि सहा आठवड्यांत त्यांची लक्षणं कमी झाली. साखळीत काढलेले दिवस मात्र कमी झाले नाहीत. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. गोळी आली, डॉक्टर आला, दोघांचं सहकार्य झालं, आणि माणूस बांधलेलाच. त्यानंतर घाना आणि नायजेरियात पारंपरिक आणि धार्मिक उपचार करणाऱ्यांना आणि आरोग्यसेवकांना एकत्र काम करायला शिकवून जो प्रयोग केला, तो २०२० साली प्रसिद्ध झाला. त्याचे निकाल जास्त आशादायक होते, गंभीर मनोरुग्ण सहा महिन्यांनी खरंच सुधारलेले होते. तरीही माझ्यापुरता मी एक क्रम ठरवला आहे. आधी साखळी, मग बाकीचं. जिथे माणसाला उठून जाता येत नाही तिथे भागीदारी कसली?

मी अजूनही श्रद्धाळू झालेलो नाही, कुणी वाट बघत असेल तर सांगून ठेवतो. पण ताईचा आजार जाईल आणि देवालाही घेऊन जाईल, हा माझा हिशोब फसला, आणि तो फसला याचं मला वाईट वाटत नाही. प्रार्थना तिची होती. खड्याने ती पळवली होती, आणि तिला ती परत हवी होती. उपचार म्हणजे तिने माझ्यासारखं व्हावं, असं मी धरून बसलो होतो, ही माझी चूक.

आजार पूर्ण गेलेला नाही. थकवा आला, जागरण झालं की डोकं वर काढतो. गोळी चालू आहे, बाईंकडे तीन महिन्यांनी एकदा जाणं होतं. आजोबा मागच्या वर्षी गेले. बाईंनी ताईला आधीच विचारून ठेवलं होतं, आजोबा नसतील तेव्हा खडा कुणाचा आवाज काढेल? शोकाच्या दिवसांत तो आलाच. आता नियम सैल करणारं कुणी उरलं नाही, म्हणू लागला. ताईने ते बाईंना त्याच आठवड्यात सांगितलं.

परवा रात्री दिवे गेले होते म्हणून मी तिच्या खोलीत मेणबत्ती घेऊन गेलो. ती प्रार्थनेला बसली होती. मी दारातच थांबलो. पहिली ओळ, दुसरी. तिसरीला अडखळली. माझा हात मेणबत्तीभोवती घट्ट झाला, मेण बोटावर आलं. ती क्षणभर थांबली, मग चौथी ओळ म्हणाली आणि उठली.

"काय आला होता?" मी विचारलं.

"गुडघा," ती म्हणाली, आणि मेणबत्ती माझ्या हातातून काढून घेतली.